शेवटचा ठोकळा

१

रोज सकाळी साडेनऊला मी शेडमधला नळ सोडते, बादली भरते आणि दगडांना अंघोळ घालायला बसते. हसू नका, याचा मला पगार मिळतो. जमिनीत खोल बोअर मारला की पोकळ नळीतून दगडाचं लांब नळकांडं वर येतं, काकडीएवढं जाड. त्याला गाभा म्हणतात. पाच खणांच्या लाकडी पेट्यांत तो वरून खाली ओळीने मांडून ठेवतात, एक खण एक मीटरचा. कोरडा गाभा सगळा राखाडी दिसतो. त्यावर पाणी शिंपडलं की रंग वर येतात, जस्ताचे मधाळ डाग आणि शिशाचे चकचकीत चौकोन. मग हातोडीने टकटक करून ऐकायचं, भिंगातून पाहायचं आणि वहीत लिहायचं.

इथल्या टेकडीत शिसं आणि जस्त आहे, हे शंभर वर्षांपूर्वी रस्ता खणणाऱ्या एका मुकादमाला कळलं. मूठभर दगड उचलायला गेला आणि मनगटच खाली ओढलं गेलं. त्याच्या सांगण्यावरून दोन खड्डे खणले आणि सोडून दिले. पन्नासेक वर्षांनी दुसरे लोक आले, त्यांनी नकाशे काढले आणि तेही गेले. तिसऱ्यांदा, मी चार वर्षांची असताना, अकरा बोअर मारले. प्रत्येक अहवालाचा शेवट एकच, खनिज आहे पण पुरेसं नाही. डोंगर पोखरून उंदीर काढायची ही आमच्याकडची परंपराच म्हणायची. आता धातूंचे भाव चढले आणि चौथा उंदीर माझ्या वाट्याला आला. जुने गाभे पुन्हा तपासून, टेकडीवर नवे बोअर मारावेत की नाही हे मला महिन्याभरात लिहून द्यायचं होतं.

ते अकराही बोअर बाबांनी मारले होते. बाबा ड्रिलर. गाभ्यामध्ये प्रत्येक तीन मीटरला लाकडाचा एक ठोकळा असतो, त्यावर पेन्सिलीने खोली लिहिलेली असते. सगळ्या ठोकळ्यांवर बाबांचंच अक्षर होतं, नऊच्या आकड्याला मांजरीसारखी लांब शेपटी. बोअर संपला की शेवटचा ठोकळा ठेवायचा आणि त्यावर ‘समाप्त’ लिहायचं, ही ड्रिलर लोकांची पक्की पद्धत. तो ठोकळा ठेवल्याशिवाय ते जेवायलासुद्धा बसत नाहीत. दहा बोअरांच्या शेवटी तो होता.

नऊ नंबरच्या शेवटी नव्हता.

२

नऊ नंबरची अडतिसावी पेटी शेडच्या टोकाला, पत्र्याच्या खिडकीखाली ठेवलेली होती. तिचे दोन खण भरलेले, तिसऱ्यात वीतभर गाभा, आणि पुढे नुसती धूळ. खोली एकशे सत्त्याऐंशी मीटर. ठोकळा विसरला असेल कुणी, असं म्हणून मी पाणी शिंपडलं.

गाभा वर ओढताना नळीच्या तोंडातलं दातेरी कडं त्याला आवळतं आणि खालच्या बाजूने तोडतं. त्यामुळे दर तीन मीटरच्या तुकड्याला खालच्या टोकाला ओरखड्यांची बांगडी पडते. नेहमीच खालच्या टोकाला. इथे, शेवटच्या तीन मीटरना ती वरच्या टोकाला होती.

म्हणजे गाभा पेटीत उलटा ठेवला गेला. नवशिके लोक हमखास करतात ही चूक. मी तुकडे उलटे फिरवून पाहिले, तर तुटलेल्या कडा जुळेनात. पुन्हा होते तसे ठेवले, तर आधीच्या तुकड्याशी केसभर फट न राहता बसले. दगड बरोबर ठेवला होता. तोडला मात्र चुकीच्या बाजूने होता.

भर दुपार होती. छपराच्या पांढुरक्या पत्र्यांतून उजेड गाळून आल्यासारखा खाली उतरत होता आणि ओल्या दगडांचा वास सुटला होता. मी सवयीने शेवटच्या तुकड्यावर हातोडीने तीनदा टकटक केली. भेग नसलेला गाभा खणखणीत वाजतो, तसा तो वाजला. मग पेटीच्या रिकाम्या खणातून तीन ठोके आले, अगदी हलके, कुणी झोपेत कुशीवर वळावं तितके.

घुमला असेल आवाज, रिकाम्या खणात घुमणारच. खात्री करायला मी पुन्हा तीनदा वाजवलं. या वेळी काहीच आलं नाही. बघ, उगाच, असं स्वतःला म्हणून मी डबा उघडला.

३

घरात आम्ही दोघंच, बाबा आणि मी. वसाहतीतलं तळमजल्याचं घर. पुढची उजेडाची खोली माझी, मागची बाबांची. ड्रिलच्या धडधडीत बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून रॉडवर पाना आपटून खुणा करायची त्यांना सवय, आणि ती त्यांनी घरातही आणली. दारावर दोन ठोके, थोडं थांबून एक, म्हणजे ‘ये’. मी आतून एकदा वाजवायचं, म्हणजे ‘आले’. शाळेसाठी उठवायला, जेवायला बोलवायला, रुसले तर समजूत काढायला, सगळ्याला तेवढंच. माझे केस पांढरे व्हायला लागले तरी ते बदललं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी त्यांची थट्टा केली. म्हटलं, मोठे ड्रिलर म्हणवता, नऊ नंबरचा शेवट उलटा ठेवलात आणि ठोकळाही विसरलात. ते चिडतील, अख्खा जन्म काढला पण एक गाभा उलटा ठेवला नाही म्हणून मला झोडपतील, अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

“त्यावर टकटक केलीस?”

“नाही,” मी म्हणाले. का खोटं बोलले कोण जाणे. लहानपणी काचेची बरणी फोडल्यावर बोलले होते, अगदी तसं तोंडातून गेलं.

“एकदा की दोनदा?”

“नाही म्हटलं ना, बाबा.”

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि मग टीव्ही लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नवंच काढलं. गुडघे धरलेत, ऊन पाहिजे, तुझी खोली मला दे. इतक्या वर्षांत कधी न सुचलेलं ऊन त्यांना आताच बरं सुचलं. मी कुरकुर केली, म्हातारपणी माणूस पुन्हा मूल होतो म्हणून टोमणाही मारला, आणि माझी उशी घेऊन मागच्या खोलीत गेले. पलंग मात्र त्यांनी हलवू दिला नाही. होता तिथेच हवा म्हणाले.

४

पुढच्या आठवड्यात अडतिसाव्या पेटीचा तिसरा खण भरला.

मी आधीच्या दिवशी काढलेला फोटो पाहिला. त्यात वीतभर गाभा होता. समोर पेटीत पूर्ण मीटर होता, स्वच्छ, ओलसर, आणि ओरखड्यांची बांगडी वरच्या टोकाला. टेकडीतलाच राखाडी डोलोमाइट दगड, मध्ये मधाळ जस्ताची एक बारीक शीर.

शेडची किल्ली एकाच माणसाकडे असते. त्यांना सगळे चावीकाका म्हणतात. तीस वर्षं ते दारापाशी खुर्ची टाकून बसलेत आणि त्यांना दगडांत काडीचा रस नाही. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली, पण कुणी थट्टा करायला दुसऱ्या पेटीतले तुकडे आणून ठेवले म्हणावं तर दुसऱ्या कुठल्या पेटीत काही कमी नव्हतं. मी दोन दिवस घालवून सगळ्या पेट्या मोजल्या. शेवटी स्वतःचं कुलूप आणून दाराला लावलं. काका दुखावले.

“ताई, दगड चोरून नेणारे पाहिलेत मी,” ते म्हणाले. “आणून ठेवणारा अजून पाहिला नाही.”

माझं कुलूप लागल्यानंतर चौथ्या खणात पिवळी माती आली.

५

त्या दिवसांचं मला नीट सांगता येत नाही. दुपारी शेडमध्ये बसलं की वेळ पातळ व्हायचा. पत्रे तापून टिकटिकायचे, बादलीत नळाचा थेंब पडायचा, आणि त्या दोन आवाजांच्या खाली तिसरा एक असायचा. सलग, दूरचा, गुरगुरल्यासारखा. त्याच्याकडे लक्ष दिलं की तो नसायचा. वहीत लिहिता लिहिता डुलकी लागायची, जाग आली की माती बोटभर पुढे सरकलेली असायची. ती सरकताना मी एकदाही पाहिली नाही. एकदा तर ठरवून, डोळे फाडून तासभर बसले. शिंक आली. शिंक म्हणजे डोळ्याची एक उघडझाप, तेवढ्यात नखभर वाढली होती.

भीती वाटायला हवी होती, पण वाटायची ती गुंगी, आईच्या मांडीवर पडून तिचा हात केसांतून फिरत असताना येते तशी. मी मनाला समजावत राहिले, थकवा आहे, अहवालाचा ताण आहे, चष्म्याचा नंबर वाढला आहे. माझं मन म्हणजे पालथा घडा, त्यावर मी पाणी ओतत राहिले.

पण मी भूगर्भवाली आहे. माती बोटात चोळली की तिचं गाव कळतं मला. टेकडीवर असली माती कुठेच नाही. अशी पिवळी, चिकट, काळ्या ठिपक्यांची माती मी एकदाच पाहिली होती. वसाहतीत पाण्याची पाइपलाइन टाकायला चर खणला तेव्हा, आमच्याच दारासमोर. दीड मीटर जाडीचा थर होता तिचा. त्याच्या खाली डोलोमाइट.

मी खण पुन्हा ओळीने वाचले. आधी दगड, मग माती. हा गाभा खाली जात नव्हता. तो वर येत होता, आणि तो आमच्या घराखाली होता.

६

घरी आले तेव्हा बाबा पुढच्या खोलीत जमिनीवर आडवे झाले होते. मोठा पाना फरशीवर उभा धरून त्याच्या टोकाला कान लावला होता. ड्रिलर लोक रॉडला असाच पाना लावून खालचं ऐकतात. मला बघून ते सावकाश उठले, गुडघे झटकले आणि स्वतःहून सांगायला लागले.

नऊ नंबरला एकशे चौऱ्याऐंशीवर रॉड अडकला. सैल करायला त्यांनी रॉडवर तीनदा पाना मारला. खालून तीन ठोके आले. पुन्हा मारायला हात उठला होता, पण मारला नाही, पाना खाली ठेवला. थोड्या वेळाने रॉड आपोआप सुटला. वर ओढला तर नळीत पुरे तीन मीटर गाभा होता, जो त्यांनी तोडलाच नव्हता. त्यांनी तो पेटीत मांडला, मशीन बंद केलं, बोअरच्या तोंडात लाकडाची गुडदी ठोकली, वर सिमेंट भरलं आणि ऑफिसला सांगितलं की रॉड अडकला.

“मग शेवटचा ठोकळा का नाही ठेवलात?”

“ज्याचा बोअर, त्याने ठोकळा ठेवायचा. तो माझा राहिला नव्हता.” ते पान्याकडे बघत होते. “चाळीस वर्षं गप्प होतं ते. उत्तर मिळालं नाही की गप्प बसतं.”

मी मान खाली घातली. खाई त्याला खवखवे. आता सांगून टाकावं असं ओठांवर आलं होतं, पण मला त्यांची भीती वाटत होती. त्यांच्यासाठी भीती वाटत होती, हे जास्त खरं. ते त्याच खोलीत झोपत होते, आणि ते जे काही होतं ते त्यांच्याच शोधात वर येतंय, असं मी धरून चालले होते. मी म्हटलं, उद्याच्या उद्या आपण दादाकडे जाऊ. माझा भाऊ पाचव्या मजल्यावर राहतो.

“पाचवा मजला काय हवेत असतो?” बाबा हसले. “दोन दिवस थांब. मग जाऊ. आणि उद्या येताना दोन किलो सिमेंट आण. मोरीपाशी फट पडलीये.”

मी दुसऱ्या दिवशी सिमेंट आणलं. मोरीपाशी फट आहे का, हे पाहिलंसुद्धा नाही.

७

शेवटच्या दिवशी सकाळी दारावर दोन ठोके, थोडं थांबून एक. मी वाजवलं, आले. बाबांनी चहा केला होता, माझा डबा भरला होता. मी म्हटलं, आज रजा टाकते, आजच दादाकडे जाऊ. ते म्हणाले, आधी काम पुरं कर, अर्धवट सोडलेलं काम बरं नसतं, संध्याकाळी निघू. जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटलं, केसांत काही अडकलं होतं.

शेडमध्ये पाचव्या खणात मातीच्या पुढे भरावाचा मुरूम आला होता, मुरमात विटांचे तुकडे. त्याच्यापुढे चार बोटं कोबा. मी पट्टी लावली. खणाच्या टोकापर्यंत जेमतेम दहा सेंटिमीटर जागा उरली होती. बादली रिकामी होती म्हणून नळाकडे गेले. नळ सोडला, बादली भरली, नळ बंद केला. परत आले.

कोब्याच्या टोकाला फरशी होती. दोन सेंटिमीटर जाडीची गोल चकती, सिमेंटच्या फरशीची, हिरव्या खड्यांची. तिच्या वरच्या तोंडावर पांढरट, खाल्ल्यासारखे खड्डे होते.

ते खड्डे मीच पाडले होते. कॉलेजात असताना दगड तपासायच्या ॲसिडची बाटली माझ्या हातून पलंगाशेजारी पडली होती. आठवडाभर बाबांची बोलणी खाल्ली होती. रोज सकाळी उठून मी पाय ठेवायचे, ती जागा. माझी जागा.

ते बाबांच्या शोधात नव्हतंच. टकटक दोनदा मी केली होती. उत्तर मी दिलं होतं. आणि एकदा की दोनदा, हे विचारून माझ्या चेहऱ्यावरून समजून घेऊन, दुसऱ्याच सकाळी गुडघ्यांचं निमित्त काढून, माझ्या पलंगावर कोण झोपायला गेलं होतं?

मी बादली तिथेच टाकली आणि पळत सुटले.

८

पुढच्या खोलीत ऊन आलं होतं. बाबा सांगत होते तसं खरंच छान ऊन होतं.

ते पलंगाशेजारी पालथे पडले होते, गाल फरशीला टेकलेला, डोळे मिटलेले. कानाशी पाना. उजव्या हाताची बोटं सिमेंटने माखली होती आणि ती एका गोल, ओल्या, करड्या ठिपक्यावर पसरली होती, झोपलेल्या मुलाला थोपटताना ठेवतात तशी. शेजारी थापी आणि हातोडी. लाकडाच्या गुडदीच्या ढलप्या. ॲसिडचे डाग कुठे दिसेनात. डाग होते तिथेच तो ठिपका होता.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, त्रास झाला नसणार. दादा आला, रडला, मग तो ठिपका बघून म्हणाला, म्हाताऱ्या माणसाला काय सुचेल सांगता येत नाही, मोरी समजून चांगली फरशी फोडली. भोक त्यांनी पाडलं नव्हतं, बुजवलं होतं. गुडदी वरून ठोकली होती, सिमेंट वरून भरलं होतं, शिस्तीत, जसं बोअर बंद करताना भरतात.

एक गोष्ट मात्र मी डोळ्यांनी पाहिली. दादा यायच्या आधी, बाबांचा हात उचलून बाजूला घेताना. ओल्या सिमेंटवर त्यांच्या पंजाचा ठसा होता. मी बघत असताना तो मधोमध किंचित वर उचलला गेला, कुणी खालून तळहात टेकावा तसा, आणि पुन्हा खाली बसला.

९

तीन आठवड्यांनी कामावर गेले. माझं कुलूप होतं तसं होतं. चावीकाका उठून उभे राहिले, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आत कोणी आलं नाही, ताई, असं मी न विचारताच म्हणाले.

अडतिसाव्या पेटीच्या पाचव्या खणात, फरशीच्या चकतीपुढे, उरलेल्या जागेत लाकडाचा ठोकळा होता. नव्या लाकडाचा, गुडदीच्या लाकडाचा. पेन्सिलीने लिहिलं होतं, बोअर ९, समाप्त. नऊला मांजरीसारखी शेपटी. मी तो हातात धरून खूप रडले, इतकी की ओला होऊन त्याचा रंग वर आला. ज्याचा बोअर, त्याने ठोकळा ठेवायचा. बाबांनी तो आपल्या नावावर करून घेतला होता.

अहवालात मी लिहिलं की खनिज आहे पण पुरेसं नाही. टेकडीवर कुणी बोअर मारू नये म्हणून जेवढी कारणं सुचली तेवढी घातली, आणि साहेबांनी सही केली. आता दुसऱ्या टेकड्यांचे गाभे येतात. मी पाणी शिंपडते, भिंगातून बघते, लिहिते. हातोडी घरी कपाटात असते. त्या बाबतीत कानाला खडा.

दुपारी पत्रे टिकटिकतात, नळाचा थेंब पडतो, वेळ पातळ होतो. मग शेडच्या टोकाकडून, अडतिसाव्या पेटीतून, ठोके येतात. पूर्वीसारखे सलग तीन येत नाहीत. दोन येतात, आणि थोडं थांबून एक.

ते बाबा असते तर त्यांनी मला तिथे बोलावलं नसतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. त्यासाठीच तर त्यांनी खोली बदलली. पण खूण त्यांची आहे, थांबणंही अगदी त्यांच्याइतकंच, आणि उत्तर मला चाळीस वर्षांपासून पाठ आहे. एकदाच वाजवायचं असतं.

उजवा हात आपणहून टेबलावर येतो, बोटं वाकतात. मी डाव्या हाताने तो घट्ट धरून ठेवते आणि तोंडाने हळूच सांगते, “आज नाही, बाबा.”